इतवारीची पेढी आणि बदलते कामगार कायदे

नागपूर शहराच्या जुन्या भागात वारांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनेक वस्त्या आहेत. मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि इतवारी ही नावे त्या त्या दिवशी भरणाऱ्या बाजाराची आठवण जपून आहेत. त्यांपैकी इतवारी ही आज आठवड्यातून एकदा भरणारी बाजारपेठ राहिलेली नसून विदर्भाच्या ठोक व्यापाराचे ते एक मोठे केंद्र आहे. सराफा ओळीतील पेढ्या, किराणा आणि मिरची-मसाल्याची दुकाने, लोखंडी सामान, भांडी आणि शेजारच्या गांधीबागेतील कापड असा पसारा तेथे अरुंद रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना मांडलेला दिसतो. या दुकानांत काम करणारे मुनीम, विक्रेते, माल निवडणाऱ्या व बांधणाऱ्या स्त्रिया आणि पाठीवर पोती वाहणारे हमाल शहरातून जसे येतात, तसेच आसपासच्या तालुक्यांतील गावांतूनही येतात. त्यामुळे इतवारीतील एखाद्या पेढीवर कोणता कायदा लागू आहे, हा प्रश्न त्या पेढीच्या मालकापुरता मर्यादित राहत नाही. गावच्या सरपंचाकडे किंवा शिक्षकाकडे वेतनाचा कागद घेऊन येणाऱ्या तरुणाचाही तो प्रश्न असतो.

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये संपूर्ण नव्याने करण्यात आला. २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली व २०२५ मध्ये पुन्हा मोठा बदल झाला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबर रोजी केंद्राच्या चार कामगार संहिता अंमलात आल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले. मोठ्या कारखान्याकडे हे बदल पाहण्यासाठी स्वतंत्र अधिकारी असतो. चौदा-पंधरा माणसांच्या पेढीत मात्र हे काम मालक, त्याचा मुनीम आणि महिन्यातून एकदा येणारा कर सल्लागार यांच्यात विभागलेले असते, म्हणजेच पुष्कळदा ते कोणाचेच नसते.

एका पेढीचे तीन प्रांत

कायदा बदलण्याचा अनुभव इतवारीला नवा नाही. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची, आणि स्वातंत्र्यानंतर त्याच प्रदेशातून झालेल्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी होती. दुकानातील नोकरांच्या कामाचे नियमन करणारा मध्यप्रांत व वऱ्हाड दुकाने व आस्थापना कायदा १९४७ मध्ये झाला. नागपूर, रायपूर व जबलपूर येथील दुकानदार तेव्हा एकाच कायद्याखाली होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि पुढे मुंबईचा १९४८ चा दुकाने व आस्थापना कायदा येथे लागू झाला. आज वर उल्लेखिलेली तीन शहरे तीन राज्यांत आहेत व त्यांचे दुकानविषयक कायदेही तीन आहेत. इतवारीतील ज्या व्यापाऱ्याची शाखा रायपूरला आहे त्याने नागपूरचे नियम तेथे लावू नयेत. नोकर राहतो कोठे यावर नव्हे, तर काम करतो कोठे यावर कायदा ठरतो. शिवनी किंवा बालाघाट जिल्ह्यातून येऊन इतवारीत काम करणाऱ्या मजुरास महाराष्ट्राचेच किमान वेतन मिळाले पाहिजे.

मुंबईच्या कायद्याखाली मिळणाऱ्या नोंदणीला व्यवहारात ‘गुमास्ता’ असे नाव पडले. गुमास्ता म्हणजे पेढीवरील नोकर. नोकराच्या हितासाठी केलेल्या कायद्याचा दाखला दुकानदाराच्या भिंतीवर त्या नोकराच्याच नावाने लागला. पुढे बँकेत खाते उघडण्यासाठी लागणारा कागद एवढाच त्याचा अर्थ अनेकांच्या मनात उरला, ही मात्र खेदाची गोष्ट होय. दाखला असला म्हणजे कायदा पाळला गेला, हा समज तेव्हापासून चालत आला आहे आणि तो आजही पूर्णपणे गेलेला नाही.

बातमी, राजपत्र आणि अंमल

कायदा बदलला हे दुकानदारास बहुधा वृत्तपत्रातून कळते. वृत्तपत्रातील मथळा आणि पेढीवर येणारे बंधन यांच्यामध्ये अनेक टप्पे असतात. मंत्रिमंडळ प्रस्तावास मान्यता देते, ती पहिली पायरी. त्यानंतर विधेयक विधिमंडळात येते किंवा अधिवेशन नसल्यास राज्यपाल अध्यादेश काढतात. विधेयक संमत होऊन अनुमती मिळाल्यावर अधिनियम राजपत्रात प्रसिद्ध होतो. तो कोणत्या दिवशी अंमलात येईल हे कित्येकदा वेगळ्या अधिसूचनेने ठरते आणि तपशिलाचे नियम त्याहूनही नंतर येतात.

२०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम हे याचे चांगले उदाहरण आहे. हा अधिनियम सप्टेंबर २०१७ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाला. तो अंमलात आला १९ डिसेंबर २०१७ रोजी. त्याखालील नियम मार्च २०१८ मध्ये झाले. ज्या दुकानदाराने सप्टेंबरमध्येच जुन्या नोंदवह्या बंद केल्या त्याने तीन महिने आधी चूक केली. ज्याने नियम येईपर्यंत नव्या रजा दिल्या नाहीत त्यानेही चूकच केली, कारण रजेचा हक्क अधिनियमातच लिहिलेला होता. केंद्राच्या संहितांची कथा तर याहून लांब आहे. वेतन संहितेस ऑगस्ट २०१९ मध्ये व उरलेल्या तीन संहितांस सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रपतींची अनुमती मिळाली. परंतु त्यांतील बहुतेक तरतुदी अंमलात येण्यास नोव्हेंबर २०२५ उजाडला. या पाच-सहा वर्षांत ‘नवा कायदा येत्या एप्रिलपासून’ अशा अर्थाच्या बातम्या दरवर्षी वाचणाऱ्या व्यापाऱ्याने अखेरीस त्याकडे दुर्लक्ष केले असेल, तर त्याला फारसा दोष देता येणार नाही. तथापि, नेमके त्याच वेळी संहिता लागू झाल्या.

अध्यादेशाच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१३ नुसार राज्यपालांचा अध्यादेश विधिमंडळ पुन्हा समवेत झाल्यापासून सहा आठवड्यांनी संपतो, त्यापूर्वी त्याची जागा अधिनियमाने घ्यावी लागते. म्हणून अध्यादेशाचा कागद फाईलला लावून थांबणे पुरेसे नाही. त्यानंतरच्या अधिवेशनात काय झाले, तेही पाहिले पाहिजे. नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते. इतवारीपासून काही किलोमीटरवर संमत झालेला कायदा इतवारीत पोहोचण्यास कधी कधी वर्ष लागते, असे घडू नये.

राजपत्र आता संगणकावर विनामूल्य पाहता येते. त्यातील मराठी सोपी नसते, हे मान्यच करावे लागेल. परंतु दुकानदारास संपूर्ण अधिनियम पाठ करावयाचा नसतो. अंमलाचा दिनांक, कोणाला लागू हे सांगणारे कलम, आणि जुन्या कायद्याखालील हक्कांचे काय होईल हे सांगणारे शेवटी येणारे निरसन व व्यावृत्तीचे कलम, एवढे तीन भाग त्याने प्रथम वाचावेत.

माणसे मोजण्याचा प्रश्न

सर्वाधिक गोंधळ होतो तो नोकरांच्या संख्येविषयी. १९४८ चा कायदा लहान दुकानांसही नोंदणी करावयास लावीत असे. २०१७ च्या अधिनियमाने १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच नोंदणी व बहुतेक तरतुदी लागू केल्या. त्याहून लहान दुकानांनी व्यवसाय सुरू केल्याची केवळ सूचना ६० दिवसांत द्यावी, असे ठरले. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर नेण्यास मान्यता दिली व ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याप्रमाणे अध्यादेश निघाला. लहान व्यापाऱ्यावरील कागदपत्रांचा भार कमी करणे हा यामागील हेतू होय.

आता इतवारीतील एक किराणा व मसाल्याची पेढी उदाहरणादाखल घेऊ. तिच्या हजेरीपटावर १४ माणसे आहेत: दोन मुनीम, सात विक्रेते, माल निवडणाऱ्या चार स्त्रिया आणि एक शिपाई. २०१७ च्या मोजणीने या पेढीस नोंदणी आवश्यक होती. २० च्या मोजणीने ती राज्याच्या दुकानविषयक कायद्याच्या बहुतेक तरतुदींच्या बाहेर जाते. मालकास हे कळताच त्याचा असा ग्रह होण्याचा संभव आहे की, आता आपल्याला कामगार कायदा लागू नाही.

हा ग्रह सर्वस्वी चुकीचा आहे. किमान वेतन व वेळेवर वेतन देण्याचे बंधन एक नोकर असला तरी लागू असते. कामगार कल्याण निधीच्या वर्गणीची मर्यादा ५ माणसांची आहे. राज्य विमा योजना, उपदान आणि प्रसूतिलाभ यांसाठी १० ची मर्यादा आहे. स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समितीही १० माणसांपासून नेमावी लागते. भविष्यनिर्वाह निधीसाठी २० माणसे लागतात, सबब तो या पेढीस आपोआप लागू होत नाही. तात्पर्य, १४ माणसांची ही पेढी एका कायद्याच्या कक्षेबाहेर गेली तरी अर्धा डझन कायद्यांच्या आत आहे. शिवाय राज्य विमा व उपदान यांच्या बाबतीत एकदा योजना लागू झाली की पुढे माणसे कमी झाल्याने ती सुटत नाही. दहाव्या माणसाला कामावरून कमी करून नववर येणाऱ्याचा हिशेब तेथे फसतो.

राज्याच्या ज्या कायद्यातून लहान दुकान वगळले जाते, त्याच कायद्यातील एखादे कलम त्याला लागू राहू शकते. दुकानाचा नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असावा आणि त्यातील अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, ही तरतूद मार्च २०२२ च्या दुरुस्तीने १० पेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांसही लागू करण्यात आली. त्याविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये फलक बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. लहान असल्यामुळे आपणास लागू नाही, असे मानून थांबलेल्या दुकानदारांची त्या दोन महिन्यांत रंगाऱ्यांकडे गर्दी झाली, तर त्यात नवल नव्हते.

हमालांचा विचार आणखी वेगळा करावा लागतो. पोती चढविणारी-उतरविणारी टोळी एका दुकानाची नसते. ती दिवसभरात अनेक दुकानांचे काम करते व म्हणूनच पूर्वी तिला कोणीच आपला नोकर मानीत नसे. या उणिवेवर उपाय म्हणून महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. या कायद्याची योजना जेथे लागू आहे तेथे कामगार व मालक दोघांचीही मंडळाकडे नोंदणी होते, मजुरी मंडळामार्फत दिली जाते आणि रजा, भविष्यनिर्वाह निधी इत्यादींसाठी मालकाकडून मजुरीवर अधिक लेव्ही घेतली जाते. हा राज्याचा कायदा असल्यामुळे केंद्राच्या संहितांत तो विलीन झालेला नाही. संहिता आल्या, म्हणून माथाडी मंडळाचा भरणा थांबविणे धोक्याचे ठरेल.

दहा तासांचा अर्थ

रविवार आणि विश्रांती यांचे नाते महाराष्ट्रात जुने आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. रविवारच्या बाजाराचे नाव धारण करणाऱ्या इतवारीत या गोष्टीची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९४८ च्या कायद्यात आठवड्यातून एक दिवस दुकानच बंद ठेवावे लागे. २०१७ पासून दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवता येते. सुटी दुकानाला नसून माणसाला आहे. प्रत्येक कामगारास आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती पाळीपाळीने मिळाली पाहिजे. शटर रोज उघडते म्हणून प्रत्येक नोकराने रोज आले पाहिजे, असा त्याचा अर्थ नव्हे.

असाच गैरसमज कामाच्या तासांविषयी आहे. २०२५ च्या बदलाने दुकानातील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर आणि तिमाहीतील अतिरिक्त कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ तासांवर नेली. ‘दुकानात आता दहा तास’ एवढेच ज्याने वाचले तो आठवड्याचे सहा दिवस दहा तास धरून ६० तास काम घेईल. परंतु आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे. वरचे १२ तास अतिरिक्त काम होते व त्याचा मोबदला दुपटीने द्यावा लागतो. महिना १५,६०० रुपये घेणाऱ्या विक्रेत्याचा २६ दिवसांच्या हिशेबाने रोज ६०० रुपये होतो. दिवसाचे ८ तास धरल्यास तासाला ७५ व दुपटीने १५० रुपये पडतात. म्हणजे १२ तासांचे आठवड्याला १,८०० रुपये त्याचे येणे झाले. यातही आणखी एक अडचण आहे. तिमाहीत १३ आठवडे येतात. आठवड्याला १२ तासांप्रमाणे एकूण १५६ तास होतात व ते १४४ च्या मर्यादेपलीकडे जातात. तेव्हा वर्षभर रोज दहा तास काम घेणे, दुप्पट पैसे देण्याची तयारी असली तरी, नियमात बसत नाही. दिवाळी व लग्नसराईच्या गर्दीसाठी ही सवलत आहे असे समजून तिचा वापर करणे शहाणपणाचे.

वेतनाची वही

पेढीवरील परंपरा आणि कायदा यांची खरी गाठ वेतनाच्या वहीत पडते. काही पेढ्यांत नोकराने गरजेप्रमाणे उचल घ्यावी व दिवाळीला हिशेब पुरा करावा, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तीत विश्वास होता, अडीनडीला मदतही होती. मुलीच्या लग्नाला मालकाने हात मोकळा सोडल्याची उदाहरणे बाजारात आवडीने सांगितली जातात. परंतु हा विश्वास कागदावर नसतो, आणि मालक बदलला, वाटणी झाली किंवा नोकर आजारी पडला की कागदाची गरज लागते. वेतन संहितेप्रमाणे मासिक वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावे लागते. उचलीसह सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा अधिक होता कामा नयेत. नोकर काम सोडून गेला वा त्याला काढले, तर त्याचे वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करावे लागते. ‘दिवाळीला या’ असे आता सांगता येणार नाही.

वेतनाची व्याख्याही या संहितेने बदलली. मूळ वेतन कमी दाखवून उरलेली रक्कम भत्त्यांत टाकण्याची पद्धत सर्वत्र आहे. समजा, एखाद्या सराफी पेढीवरील हिशेबनिसास ४०,००० रुपये मिळतात. त्यांत मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १६,००० आणि घरभाडे, प्रवास वगैरे मिळून २४,००० आहेत. वगळलेले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून, म्हणजे २०,००० हून जितके अधिक तितकी रक्कम वेतनात मिळवावी लागते. येथे ४,००० मिळवून वेतन २०,००० धरले जाईल व उपदानासारख्या देण्यांचा हिशेब त्यावर होईल. वर उल्लेखिलेला १५,६०० रुपयांचा विक्रेता, ही सर्व रक्कम वेतन धरल्यास, १२ वर्षांच्या सेवेनंतर निघाला, तर महिन्याच्या वेतनाचे पंधरा-सव्वीसांश म्हणजे ९,००० रुपये, त्याला १२ ने गुणून १,०८,००० रुपये उपदान त्याला द्यावे लागेल. ज्या पेढीने यासाठी दरवर्षी काही बाजूला ठेवले नाही तिला एकदम एवढी रक्कम काढणे जड जाते, आणि मग बारा वर्षांच्या माणसाशी कोर्टकचेरी सुरू होते.

याच नागपुरात, इतवारीपासून फार दूर नसलेल्या एम्प्रेस मिलमध्ये, जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी व १८९५ मध्ये अपघात भरपाईची व्यवस्था सुरू केली होती. अपघात भरपाईचा देशव्यापी कायदा त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९२३ मध्ये झाला. गिरणी आज नाही. कायदा नसताना अशी तरतूद हिशेबात बसविता येत होती, एवढे मात्र त्यावरून दिसते.

लहान रकमांकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. महाराष्ट्रात व्यवसाय कराची कपात दरमहा २०० व फेब्रुवारीत ३०० अशी वर्षाला २,५०० रुपये होते. स्त्री कर्मचाऱ्यांसाठी करमाफीची मर्यादा पूर्वी १०,००० रुपये मासिक वेतनाची होती, ती १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपये झाली. वरील पेढीतील माल निवडणाऱ्या चार स्त्रियांच्या वेतनातून जुन्या तक्त्याप्रमाणे कपात चालूच राहिली, तर वर्षाला १०,००० रुपये त्यांच्या घरातून विनाकारण जातात. यात मालकाचा काही लाभ नसतो. दोष असतो तो मुनिमाच्या संगणकात दोन वर्षांपूर्वी भरून ठेवलेल्या तक्त्याचा. कामगार कल्याण निधीची वर्गणीही २०२४ मध्ये वाढून सहामाहीला कामगाराचे २५ व मालकाचे ७५ रुपये अशी झाली. तेथे चूक उलट दिशेने, कमी भरण्याची होते.

सर्वांत नियमितपणे होणारा बदल किमान वेतनाच्या विशेष भत्त्याचा आहे. ग्राहक किंमत निर्देशांकाशी निगडित असलेला हा भत्ता राज्यात १ जानेवारी व १ जुलैपासून सहा महिन्यांसाठी जाहीर होत आला आहे. त्याचे परिपत्रक बहुधा त्या तारखेनंतर हाती पडते, त्यामुळे फरक मागील दिनांकापासून द्यावा लागतो. महानगरपालिका, नगरपरिषद व उर्वरित क्षेत्र यांच्यासाठी साधारणतः वेगवेगळी परिमंडळे असतात. गावातील किराणा दुकानाचा दर आणि इतवारीतील दर म्हणूनच एक नसतो. ग्रामपंचायत सदस्याने आपल्या गावच्या तरुणाचे वेतन तपासताना तो काम करतो त्या ठिकाणच्या परिमंडळाचा तक्ता घ्यावा.

कामाची रीत

हे सर्व सांभाळण्यासाठी पेढीने मोठा खर्च करण्याची गरज नाही. एक जाड वही पुरे. तिच्या प्रत्येक पानावर एका कायद्याचे नाव, आपल्या पेढीस तो कोणत्या दिवसापासून व किती माणसांच्या मोजणीने लागू झाला, चालू दर कोणता आणि तो कोणत्या अधिसूचनेने ठरला, हे लिहावे. दर बदलला की जुना खोडू नये, खाली नवा लिहून दिनांक घालावा; पुढे वाद निघाल्यास कोणत्या महिन्यात कोणता दर होता हे दाखविता आले पाहिजे. जानेवारी व जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ही वही घेऊन कर सल्लागारासमोर बसावे, आणि शंका राहिलीच तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयास लेखी विचारावे. २०१७ च्या अधिनियमाने निरीक्षकाच्या जागी ‘सुविधाकार’ हे पद निर्माण केले, ते तपासणीबरोबरच माहिती देण्यासाठी आहे. तोंडी उत्तरावर विसंबण्यापेक्षा लेखी प्रश्नाची पोच जवळ असणे केव्हाही बरे. बाजारातील व्यापारी संघटनांनी ही वही एकदा तयार करून सदस्यांना दिली, तर प्रत्येकाचे श्रम वाचतील; फक्त सराफा, कापड आणि किराणा यांची माणसांची संख्या व हमालांची व्यवस्था भिन्न असल्याने एकच प्रत सर्वांना चालणार नाही.

नोकराच्या बाजूनेही काही कागद हवेत. नियुक्तिपत्र, महिन्याची वेतनचिठ्ठी, राज्य विमा योजनेचा क्रमांक आणि शिल्लक रजेची नोंद हे त्यांतील प्रमुख होत. २०१७ च्या अधिनियमाखाली वर्षाला ८ नैमित्तिक रजा, ८ सणांच्या भरपगारी सुट्या आणि २४० दिवस काम केलेल्यास दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळत असे व ती ४५ दिवसांपर्यंत साठविता येत असे. मर्यादा २० वर गेल्यामुळे ज्या पेढ्या बाहेर पडल्या, तेथील कामगारांनी त्यापूर्वी साठविलेली रजा आपोआप नाहीशी झाली, असे समजू नये. आधीच्या कायद्याखाली मिळून चुकलेला हक्क, नव्या कायद्यात तसे स्पष्ट म्हटलेले नसल्यास, सामान्यतः कायम राहतो. म्हणून १ ऑक्टोबर २०२५ च्या सुमारास आपल्या नावावर किती दिवस रजा शिल्लक होती, याची सही केलेली नोंद प्रत्येक कामगाराने मागून घ्यावी आणि ती देताना मालकाने आपल्या हजेरीपटाची प्रत स्वतःजवळ ठेवावी.